आजोबांची स्मरणिका: नवी पेठेतील एका छपाई दुकानाचा अनुभव

आजोबांच्या पहिल्या पुण्यस्मरणासाठी आम्ही २४ पानांची स्मरणिका सोलापूरच्या नवी पेठेतील एका लहानशा छपाई दुकानातून करून घेतली. गिरणीत माग चालवून पाच मुलांचा संसार उभा करणाऱ्या, आणि संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आली की पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजाच्या सेवेला हजर राहणाऱ्या माणसाचे आयुष्य इतक्या पानांत मावेल का, ही शंका मला होतीच.

दुकानदारांचे खरे कौशल्य जुन्या छायाचित्रात दिसले. सिद्धेश्वर तलावाच्या काठी काढलेल्या त्या चित्रावर ओलीचे डाग पडले होते. त्यांनी डाग काढले, परंतु चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांना हात लावला नाही. ‘आजोबांना तरुण करू नका’ हे सांगण्याची वेळच आली नाही. मजकूर वाचताना सिद्धेश्वरांनी शहरात स्थापलेल्या ६८ लिंगांच्या उल्लेखाशी ते थांबले आणि आजोबा यात्रेतल्या त्या लिंगांच्या तैलाभिषेकाच्या मिरवणुकीत किती वर्षे चालले, हे त्यांनी आपणहून विचारले. ती ओळ आमच्याकडून राहूनच गेली होती.

उणिवाही आहेत. कागद नको तितका चकचकीत निघाला, त्यामुळे दिव्याखाली अक्षरे चमकतात, आणि आजीला चष्मा लावूनही पान तिरके धरावे लागते. शिवाय काम दोन दिवस उशिरा मिळाले. दर मात्र वाजवी होता. छायाचित्रांचे काम असेल तर अवश्य जावे. कागदाचा नमुना आधी हातात घेऊन पाहावा.