क्विलिंग की पॉप-अप? हातानं कार्ड करताना कशाला हात घालावा

सपाट चित्र आणि साधं चिकटकाम जमायला लागलं की कार्डाला उठाव द्यावासा वाटतो, आणि मग हे दोन रस्ते समोर येतात. क्विलिंगमध्ये, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेल्या नक्षीत, उठाव मुखपृष्ठावर कायमचा बसतो. पॉप-अपमध्ये तो आत असतो आणि कार्ड उघडल्यावर उभा राहतो. पट्टी कशी गुंडाळायची, घडी कशी पाडायची हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. दोन्हींतलं एक निवडताना प्रत्यक्षात फरक कशाने पडतो, तेवढंच इथे लिहितो. माझा कल पॉप-अपकडे आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते हिशेबात धरता येईल.

क्विलिंगची मोठी जमेची बाजू ही की ते चूक सांभाळून घेतं. एक पाकळी बेढब झाली तर तेवढीच काढून दुसरी लावायची, बाकीच्या कार्डाला धक्का लागत नाही. कटरच्या पात्याशी संबंध येत नाही, त्यामुळे लहान मुलांनाही सोबत बसवता येतं. कार्डासाठी ३ मिमी रुंदीच्या पट्ट्या पुरतात. ५ मिमी आणि १० मिमीच्या पट्ट्या झालरीच्या फुलांसाठी राखून ठेवाव्यात. झालर कापताना कात्री रुंदीच्या दोन-तृतीयांशापर्यंतच न्यायची, कारण उरलेला भागच गुंडाळीला धरून ठेवतो. तो कमी राहिला तर फूल उमलवताना पट्टी फाटते.

क्विलिंग नीटनेटकं दिसणं हे बरंचसं गुंडाळ्या एकसारख्या होण्यावर अवलंबून आहे. पाच पाकळ्यांसाठी पाच पट्ट्या एकाच लांबीच्या, समजा १५ सेमीच्या, घ्याव्यात. गुंडाळी बोटांमध्ये अंदाजाने सैल सोडू नये. गोल भोकांच्या साच्यात १२ मिमीच्या भोकात सोडावी, मग टोक चिकटवावं आणि त्यानंतर चिमटीत धरून पाकळीचा आकार द्यावा. पट्टीचं शेवटचं टोक कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाडलेलं बरं, कारण फाटलेल्या कडेचे तंतू बसतात आणि जोड दिसेनासा होतो. खाचेच्या सुईने काम भराभर होतं, पण गुंडाळीच्या मधोमध एक बारीक मुरड राहते. ती खटकत असेल तर साध्या सुईवर गुंडाळावं. वेळ जास्त लागतो, पण मध्य गोल येतो.

कार्डावर बसवताना गोंद गुंडाळीला लावत बसू नका. प्लास्टिकच्या तुकड्यावर पांढऱ्या गोंदाचा पातळ थर पसरा, गुंडाळी चिमट्याने त्यावर अलगद टेकवा आणि उचलून जागेवर ठेवा. गोंद फक्त खालच्या कडेला लागतो, बाजूला चमकणारे डाग पडत नाहीत.

एवढं सगळं मन लावून केलं तरी एक कटकट उरते, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. क्विलिंगचं कार्ड पाकिटातून धड जात नाही.

३ मिमीची पट्टी कडेवर उभी असते. सरळ वरून आलेला दाब ती बऱ्यापैकी सोसते, पण आडवा रेटा तिला सोसत नाही. पाकिटात कार्ड मागेपुढे सरकतं, पाकिटाचा कागद गुंडाळ्यांवरून घासत जातो आणि सैल गुंडाळ्यांच्या पातळ भिंती एका बाजूला कलंडतात. सगळ्यात आधी जातात त्या टोकदार पाकळ्या, कारण टोकाशी त्या जेमतेम चिकटलेल्या असतात. त्यात आपण फुलांचा गुच्छ बहुधा कार्डाच्या मधोमध ठेवतो. मग पाकीट मध्येच फुगतं आणि वर रचलेल्या टपालाचा सगळा भार त्या चार-पाच फुलांवर येतो.

यावर इलाज आहेत, पण प्रत्येक इलाज नवं काम घेऊन येतो. नक्षी चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवली तर भार वाटला जातो, पण मग मोकळी जागा उरत नाही आणि काम दुपटी-तिपटीने वाढतं. ५ मिमी जाडीच्या फोमबोर्डची खिडकीसारखी चौकट वर बसवली तर गुंडाळ्या खरोखर सुरक्षित राहतात. मात्र कार्ड ६ मिमीच्या आसपास जाड होतं, साध्या पाकिटात मावत नाही आणि त्याच्यासाठी डबीसारखं जाड पाकीट वेगळं करावं लागतं. गुंडाळ्यांवर पातळ केलेला गोंद फिरवून त्या कडक करता येतात, पण त्यातल्या पाण्याने खालचं कार्ड फुगून वाकतं आणि रंगावर तकाकी येते. १.५ मिमीच्या पट्ट्या वापरल्या तर जाडी निम्मी होते, पण त्या हाताळायला नाजूक असतात आणि मुलांचं तर त्यावर कामच नाही.

याच कटकटीचा आणखी एक धागा म्हणजे मजकूर. क्विलिंग झालेलं कार्ड पालथं पडत नाही, उघडून लिहायला गेलं की खालच्या गुंडाळ्यांवर हाताचा दाब पडतो. म्हणून मजकूर आधी लिहावा, क्विलिंग नंतर करावं. कोणासाठी कार्ड करतोय हे ठरलेलं असेल तर ठीक. दहा कार्डं करून ठेवायची असतील तर हे जमत नाही.

पॉप-अपमध्ये उठाव घडीत जातो. २५० जीएसएमचं (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या कागदाचं) बाहेरचं कार्ड, आतला १६० ते २०० जीएसएमचा कागद आणि एक-दोन चिकटवलेले आकार मिळून बंद कार्ड दीड मिमीच्या आतबाहेर राहतं. साध्या पाकिटात जातं, चुरगळायला वर काही नसतं. माझ्या अनुभवात पोहोचल्यावर ते जसं केलं तसंच उघडतं. कार्ड हातोहात देणाऱ्याला याचं विशेष वाटणार नाही, दूर पाठवणाऱ्याला वाटेल.

आता यातला हिशेब. ए४ कागद मधोमध कापला की ए५ मिळतो, त्याची घडी घातली की ए६, म्हणजे १४८ बाय १०५ मिमी. हे कार्ड सी६ पाकिटात नीट बसतं. घडी आडवी ठेवून ९० अंशांत उघडलं की मागे १०५ मिमी उंचीची भिंत आणि समोर १०५ मिमी खोलीची जमीन मिळते. यात साधा चौकोनी टेकू (आकार चिकटवायला पुढे येणारी पायरी) उभा करायचा तर आधी दोन मापं ठरवा, उंची ५० मिमी आणि खोली ३० मिमी. आतल्या कागदावर घडीच्या वर ५० मिमी आणि खाली ३० मिमी अशा दोन समांतर चिरा द्या. दोन चिरांमधलं अंतर ३० मिमी ठेवलं की डावी-उजवीकडे ५९-५९ मिमी उरतात. चिरांच्या वरच्या टोकांना जोडणारी आतली घडी, खालच्या टोकांना जोडणारी आतली घडी, आणि मधल्या घडीच्या २० मिमी वर बाहेर येणारी घडी. हे २० कुठून आले? उंचीतून खोली वजा केली, ५० उणे ३०. मापं बदलली तरी नियम हाच. आणि दोन चिरांच्या मधल्या भागात कार्डाची मूळ घडी अजिबात पाडायची नाही. ती पडली तर टेकूचं पोट आत जातं आणि तो ताठ उभा राहत नाही.

टेकूच्या पुढच्या तोंडावर झाड, घर, पक्षी, जे हवं ते चिकटवा. त्याची उंची किती चालेल याचाही हिशेब आहे. बंद कार्डात त्या आकाराचा माथा घडीपासून टेकूची खोली अधिक आकाराची उंची इतक्या अंतरावर जातो. १०५ मधून ३० गेले, उरले ७५. कडेला थोडी जागा हवी म्हणून ७० मिमीवर थांबावं. ९० मिमीचं झाड केलं तर ते बंद कार्डाच्या बाहेर दीड सेंटिमीटर डोकावतं. हा आकार टेकूपेक्षा रुंद असला तरी हरकत नाही, फक्त गोंद टेकूच्या तोंडापुरताच लावायचा. आकाराची खालची कड जमिनीला चिकटली की कार्ड बंद होताना फाटतं.

पॉप-अप चूक सोसत नाही, हे मान्य करायला हवं. क्विलिंगमध्ये १ मिमीचा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, इथे तेवढ्याने टेकू तिरका होतो. बिघाड बहुतेक वेळा तीन ठिकाणी होतो. एक, कागदाच्या तंतूंची दिशा. कागद दोन्ही दिशांनी अलगद वाकवून पाहा. ज्या दिशेला तो सहज वाकतो, त्या वळणाला समांतर तंतू असतात, आणि घड्या त्याच दिशेने हव्यात. उलट्या दिशेने घडी घातली तर कड तडकते, रंगीत कागदातून पांढरे तंतू डोकावतात आणि कार्ड मिटलेलं राहत नाही. टेकूच्या सगळ्या घड्या एकमेकींना समांतर असल्याने दिशा एकदाच तपासावी लागते. बहुतेक ए४ कागदांत तंतू लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे कापून घडी घातली तर ते आपोआप बरोबर येतात. तरी तपासावंच.

दुसरं, घडीची रेघ. घडी घालण्याआधी स्टीलच्या पट्टीला लावून रिकाम्या रिफिलने किंवा बोथट टोकाने रेघ दाबून घ्यायची. कटरने हलकीशी चीर देऊन घडी पाडण्याची सवय असेल तर ती इथे सोडावी, कारण प्रत्येक उघडझापीत ती चीर खोल जाते.

तिसरं, आतला कागद बाहेरच्या कार्डात बसवणं. हा कागद प्रत्येक कडेने २ मिमी लहान कापावा. टेकूच्या मागे गोंद जाता कामा नये, आणि मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना ५ मिमीची पट्टी कोरडी सोडावी. तिथे चिकटवलं तर बंद करताना आतला कागद फुगतो. मोठ्या पृष्ठभागावर ओला गोंद नकोच. कागद पाणी पितो, फुगतो, सुकताना आक्रसतो आणि कार्ड कायमचं वाकतं. तिथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरावी, गोंद फक्त अरुंद पट्ट्यांना.

टेकूच्या पुढची पायरी म्हणजे व्ही आकाराची घडी, जिचे दोन पाय मूळ घडीच्या दोन बाजूंना चिकटतात. दोन्ही पाय घडीशी सारखाच कोन करतात याची खात्री मोजून करायला गेलं तर डोकं फिरतं. त्यापेक्षा एक पाय जागेवर चिकटवा, आकार त्याच्यावर पूर्ण मिटवा, वर आलेल्या दुसऱ्या पायाच्या पट्टीला गोंद लावा आणि कार्ड त्याच्यावर बंद करून दाबा. दुसरा पाय आपली जागा आपणच शोधतो. पाच-दहा मिनिटं उघडून पाहण्याचा मोह आवरायचा, एवढंच.

मजकुराची अडचण पॉप-अपलाही आहे, कारण आतली निम्मी जागा आकाराने खाल्लेली असते. टेकूपुढच्या जमिनीवर ७५ मिमी जागा उरते. दोन-चार ओळींना ती पुरते, मोठं पत्र मावत नाही. लांबलचक लिहिणाऱ्यांनी वेगळा कागद दुमडून आत ठेवावा.

गोंदाशिवायही पॉप-अप होतं. जपानी वास्तुरचनाकार मासाहिरो चातानी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ओरिगामिक आर्किटेक्चर नावाने जी पद्धत रूढ केली, तीत एकाच कागदाला चिरा आणि घड्या देऊन इमारती उभ्या करतात. वरचा टेकू हे त्याचंच अगदी प्राथमिक रूप. अशी कामं पांढऱ्या कागदावरच खुलतात, कारण सावल्याच चित्र काढतात. कापताना आतल्या बारीक चिरा आधी, लांब चिरा शेवटी, आणि पातं बोथट वाटलं की लगेच बदलायचं. बोथट पातं कोपऱ्यात कागद ओढतं.

एकाच आकाराची बरीच कार्डं करायची असतील तर पॉप-अप उजवं ठरतं. एकदा मापांचा नमुना जाड कागदावर काढून ठेवला की चिरांच्या टोकांना सुईने टोचून खुणा उतरवता येतात आणि पुढची कार्डं भराभर होतात. क्विलिंगमध्ये दहावं फूल पहिल्याइतकाच वेळ घेतं. उलट एकच कार्ड, हातात द्यायचं, नंतर चौकटीत घालून भिंतीवर लावलं जाणार असेल, तर मी स्वतःही क्विलिंगचाच विचार करीन. पॉप-अप भिंतीवर लावता येत नाही, आणि क्विलिंगच्या रंगांची दाटी त्याला साधत नाही.

दोन्ही एकाच कार्डात घ्यायचा मोह होतो. बाहेरची नक्षी पुन्हा चिरडणारच, म्हणून काही जण क्विलिंग आतल्या आकारावर लावतात, पण कार्ड मिटलं की त्या गुंडाळ्या समोरच्या पानात रुततात. लावायचंच असेल तर १.५ मिमीच्या पट्टीची एखादीच घट्ट गुंडाळी घ्या, पक्ष्याच्या डोळ्यापुरती, आणि ती घडीपासून लांब, आकाराच्या माथ्याकडे ठेवा.