झेडशेलचे आठ महिने: पुणे, ०९४१ आणि मी

बॅश या शेलवर, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामवर, बारा वर्षं काढल्यावर ऑफिसच्या उबंटू लिनक्सवर झेडशेल (झेडएसएच) हा दुसरा शेल टाकला. हौस, दुसरं काय. टॅब दाबला की मिळणाऱ्या सूचनांची सवय लागली आणि आता मागे जाववत नाही, हे आधीच सांगतो.

पण पहिल्याच आठवड्यात ‘पुणे’ नावाच्या फोल्डरने घोळ घातला. सीडी (फोल्डरमध्ये जायची कमांड), मग प, मग टॅब. ओळीवर उकाराच्या जागी कोनी कंसात ०९४१ आणि मात्रेच्या जागी ०९४७! फोल्डर आहे की पिनकोड? बग सापडलाच, म्हणून रिपोर्ट लिहायला बसलो. आवृत्ती ५.९, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) कोणतं, लोकेल (भाषेची सेटिंग) काय, कुठली कळ दाबली, सगळं टिपलं. ‘झेडएसएच -एफ’ने, म्हणजे माझी सेटिंग न वाचणारा कोरा शेल उघडूनही पाहिलं. तिथेही तेच. म्हणजे मी निर्दोष, छाती फुगली.

पाठवण्याआधी मॅन्युअल चाळलं, आणि ‘कम्बायनिंग कॅर्स’ हा पर्याय समोर आला. उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही शून्य रुंदीची चिन्हं टर्मिनल नीट जोडून दाखवेल, असा भरवसा शेल आपणहून धरत नाही. ती सुटी, त्यांच्या युनिकोड क्रमांकांनी छापतो; ०९४१ हा उकाराचा, ०९४७ मात्रेचा. पर्याय चालू करणाऱ्या सेटऑप्ट कमांडची एक ओळ सेटिंगच्या फाइलीत घातली, पुणे जागेवर आलं. घरच्या मॅकवर हे कधीच दिसलं नव्हतं, कारण ॲपलने ती ओळ आधीच घालून ठेवली आहे. रिपोर्टचा मसुदा गुपचूप डिलीट.

नंतर शेल उघडायला तीन-तीन सेकंद लागू लागली. या वेळी ‘-एफ’ने चटकन उघडला, म्हणजे दोष माझ्याच सेटिंगच्या फाइलीत. झेडप्रॉफ (कशाला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन) लावून पाहिलं, तर कुठूनतरी उचललेलं एक प्लगइन वेळ खात होतं. काढलं.

कर्ल या वेबवरून मजकूर आणणाऱ्या कमांडला दिलेल्या पत्त्यात प्रश्नचिन्ह असलं की ‘नो मॅचेस फाउंड’ येतं, तेही बग नाही. प्रश्नचिन्हाला शेल फाइलींचा नमुना समजतो आणि जुळणारी फाइल नसली की कमांड चालवतच नाही. बॅश अशा वेळी मजकूर तसाच पुढे ढकलतो. पत्ता अवतरणचिन्हांत टाका, झालं.

बॅशच्या ‘बॅशबग’ या बग कळवायच्या कमांडची मात्र आठवण येते; आवृत्ती, मशीन आपणच भरून रिपोर्टचा मसुदा पुढ्यात ठेवते.

स्क्रिप्ट अजून बॅशमध्येच लिहितो. व्हेरिएबलमधली स्पेसने तोडलेली यादी झेडशेल आपसूक सुटी करत नाही. तीन फोल्डरांचा बॅकअप घेणारी माझी लूप त्यामुळे एकदाच फिरली, तीही अस्तित्वात नसलेल्या एका लांबलचक नावाच्या फोल्डरसाठी.