पर्यावरण विषयाच्या परदेशी प्रवेशासाठी सल्लागार घ्यावा का? पुण्यातील एका संस्थेच्या सेवेचे परीक्षण

पर्यावरण विज्ञान आणि व्यवस्थापन या विषयात परदेशी पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुण्यात शिक्षण-सल्लागारांना तोटा नाही. फर्ग्युसन रस्त्यापासून कोथरूडपर्यंत पाट्याच पाट्या आहेत. मात्र यातील बहुतेक दुकाने संगणकशास्त्र, डेटा सायन्स आणि एमबीए या तीन मालांवर चालतात आणि पर्यावरणाचे नाव घेऊन आलेला विद्यार्थी त्यांच्या दृष्टीने वाट चुकलेले गिऱ्हाईक असतो. अशाच एका संस्थेचे 'पूर्ण पॅकेज' मी घेतले होते. त्यात विद्यापीठांची निवड, उद्देशपत्राचे (एसओपीचे) संपादन, शिफारसपत्रांचा पाठपुरावा, कागदपत्रे, अर्ज भरणे आणि व्हिसा एवढ्या गोष्टी येत होत्या. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण जे दोष सांगायचे आहेत ते एका पाटीचे नसून या धंद्याच्या घडणीतले आहेत.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण सेवेचा कस तिच्यावरच लागला. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर मी सांडपाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करत होते. मुळा-मुठेच्या प्रदूषणनियंत्रणासाठी २०१६ मध्ये मंजूर झालेला, जपानच्या कर्जातून होणारा सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प, ज्याला पुण्यात सगळे नुसते 'जायका' म्हणतात, त्याच्यामुळे मैलाशुद्धीकरण हा शब्द शहराच्या बातम्यांत वर्षानुवर्षे आहे. केंद्र बांधायला निधी मिळतो. बांधलेले केंद्र रोज नीट चालवण्यामागचे अर्थकारण, कायदा आणि देखरेख यांचे शिक्षण कोठे मिळते, हा माझा प्रश्न होता. म्हणजे मला टाकीचे गणित नव्हे, तर त्या टाकीभोवतीची व्यवस्था शिकायची होती. पहिल्या बैठकीत हे मी जमेल तितक्या स्पष्टपणे सांगितले होते आणि समोरच्या समुपदेशक मॅडमनी ते लिहूनही घेतले होते.

त्यानंतर हाती आलेली यादी पाहिल्यावर त्या लिहून घेण्याला अर्थ नव्हता, हे कळले. एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग, सायन्स, स्टडीज आणि मॅनेजमेंट हे चारही प्रकार एकाच रकान्यात, जागतिक क्रमवारीच्या उतरत्या भाजणीने लावले होते. या चारांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ब्रेन स्कूलची पदवी नावातच विज्ञान आणि व्यवस्थापन दोन्ही घेऊन येते. दोन वर्षांच्या त्या अभ्यासक्रमात एकट्याने लिहायच्या प्रबंधाऐवजी विद्यार्थ्यांचा गट एखाद्या सरकारी खात्याचा, स्वयंसेवी संस्थेचा किंवा कंपनीचा खराखुरा प्रश्न हाती घेऊन त्याचे उत्तर शोधतो. ड्यूक विद्यापीठाच्या निकोलस स्कूलची एमईएम (मास्टर ऑफ एन्व्हायर्नमेंटल मॅनेजमेंट) पदवी साधारण याच वळणाची आहे. येलमध्ये तर एकाच छपराखाली दोन वेगळ्या वाटा आहेत : एमईएम ही व्यवसायाभिमुख, आणि एमईएससी ही संशोधनाची, जिच्यासाठी मार्गदर्शक होऊ शकेल अशा प्राध्यापकाशी अर्जाआधीच बोलणे झालेले बरे असते. यादीत येलच्या या दोन्ही पदव्या 'पर्याय एक' आणि 'पर्याय दोन' म्हणून होत्या, जणू एक नाही तर दुसरी, दोन्ही सारख्याच. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा एन्व्हायर्नमेंटल टेक्नॉलॉजी हा अभ्यासक्रम त्याच्या नावामुळे अभियांत्रिकीत ढकलला होता. प्रत्यक्षात तो १९७० च्या दशकापासून विज्ञान, धोरण, कायदा आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवत आला आहे आणि माझ्या गरजेच्या अगदी जवळचा होता. युरोपातील काही विद्यापीठे मिळून चालवतात तो पर्यावरण विज्ञान, धोरण आणि व्यवस्थापनाचा एरास्मस मुंडुस अभ्यासक्रम, ज्यात शिष्यवृत्ती मिळाल्यास शुल्क आणि दरमहाचा खर्च दोन्ही सुटतात, तो यादीत नव्हताच.

तो का नव्हता, याचे उत्तर या धंद्याच्या हिशेबात आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील अनेक विद्यापीठे विद्यार्थी पाठवणाऱ्या सल्लागाराला पहिल्या वर्षाच्या शुल्काच्या प्रमाणात कमिशन देतात. 'आमची सेवा पूर्णपणे मोफत' अशा पाट्यांचे रहस्य तेच. नामांकित अमेरिकी विद्यापीठांचे पर्यावरण विभाग किंवा शिष्यवृत्तीवर चालणारे संयुक्त अभ्यासक्रम असे काही देत नाहीत, त्यामुळे त्यांची माहिती ठेवण्यात सल्लागाराला रस नसतो. मी तर पूर्ण शुल्क मोजून सेवा घेत होते. तरीही यादीच्या तळाशी तीन अशी विद्यापीठे होती ज्यांची मी कधीच चौकशी केली नव्हती, आणि ही तिन्ही संस्थेच्या भिंतीवरील 'आमचे भागीदार' या फलकावर झळकत होती. गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे आणि विक्रेत्याकडूनही घ्यायचे, याला आपल्याकडे जे म्हणतात ते मी येथे लिहीत नाही.

'भारतात या विषयात काही नाही' हे वाक्यही त्याच बैठकीत ऐकायला मिळाले. संस्थेने भारतीय प्रवेशांचे काम करावे अशी अपेक्षा नव्हती, पण निदान असत्य तरी सांगू नये. आयआयटी मुंबईत पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. २०२१ पासून गेट परीक्षेत या विषयाची वेगळी प्रश्नपत्रिका आहे. दिल्लीतील टेरी स्कूल ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज आणि खुद्द पुण्यातील विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभागही आहे. परदेशी जायचे की नाही हे ठरवणाऱ्याला हे पर्याय आधी माहीत असावेत.

सेवेचा सर्वांत कच्चा भाग म्हणजे उद्देशपत्र, ज्याला सगळे एसओपी म्हणतात. मी लिहिलेल्या मसुद्यात एक परिच्छेद कामावरच्या अनुभवाचा होता. शुद्धीकरण केंद्रातून सकाळी एकदाच घेतलेला नमुना आणि चोवीस तास ठरावीक अंतराने घेऊन एकत्र केलेला नमुना यांच्या बीओडीत, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापात, मोठी तफावत येते. अहवालात पहिला जातो, नदीत दुसरा जातो. आणि कोणता नमुना घ्यायचा हा निर्णय रसायनशास्त्राचा नसून कंत्राटातील अटींचा असतो, असा त्याचा आशय होता. भारतीय मानकानुसार बीओडी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवून मोजतात. पाश्चात्त्य देशांत ती २० अंशांना ५ दिवस ठेवून मोजण्याची पद्धत आहे, आणि आपल्या हवामानाला सोयीची म्हणून आपली पद्धत वेगळी ठरली आहे. संपादकांनी माझे 'तीन दिवसांची बीओडी' खोडून 'पाच दिवसांची' केले आणि समासात लाल अक्षरांत शेरा मारला : 'तथ्याची चूक, कृपया तपासा.' पुढच्या मसुद्यात तर तो परिच्छेदच 'फार टेक्निकल' म्हणून गेला होता. त्याच्या जागी मला लहानपणापासून निसर्गाची ओढ असल्याचे आणि आजीच्या गावच्या नदीकाठी माझे बालपण गेल्याचे वाक्य आले होते. माझी आजी सोलापुरात, चाळीत राहत असे.

ब्रेन स्कूलच्या अर्जासाठी याच संपादकांनी सुरुवातीला आणखी एक परिच्छेद जोडला होता. २८ जानेवारी १९६९ रोजी सांता बार्बराच्या किनाऱ्याजवळ तेलविहीर फुटून समुद्रात तेल पसरले, त्या धक्क्यातून अमेरिकेतील पर्यावरणविषयक कायद्यांना बळ मिळाले, आणि पुढच्याच वर्षी पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, असा त्यात इतिहास होता. इतिहास खराच आहे. पण त्याच गावातल्या प्राध्यापकांना त्यांच्याच किनाऱ्याची गोष्ट मोजक्या शब्दांच्या अर्जात सांगून काय साधणार? व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांच्या निवड समितीला अर्जदाराने कोणता प्रश्न जवळून पाहिला आहे आणि आपल्या विभागातील कोणती गोष्ट त्या प्रश्नाला उपयोगी पडेल, हे जाणून घ्यायचे असते. शेवटी मी सगळा मसुदा परत फिरवला आणि महाविद्यालयातील माझ्या जुन्या सरांकडून, जे पाणीपुरवठा आणि स्वच्छता अभियांत्रिकी शिकवत, तो तपासून घेतला. त्यांनी दोन ठिकाणी इंग्रजी सुधारले आणि एका ठिकाणी एवढेच विचारले, 'मग उपाय काय, ते लिहिलेच नाहीस.' संपूर्ण पॅकेजमध्ये मला मिळाला नाही असा सल्ला तो होता.

शिफारसपत्रांबाबत तर सावधच राहावे. प्राध्यापकांना वेळ नसतो म्हणून पत्र तुम्हीच लिहा आणि त्यांच्या नावाने नवा ईमेल पत्ता उघडून तेथूनच ते चढवा, अशी 'सोय' मला सुचवण्यात आली. मी नकार दिल्यावर कोणी आग्रह धरला नाही, पण ज्या सहजतेने ते सुचवले गेले तिच्यावरून ही वहिवाट जुनी असावी. संस्थात्मक पत्त्यावरून न आलेल्या पत्राकडे विद्यापीठे संशयानेच पाहतात, आणि हे उघडकीस आले तर प्रवेश मिळाल्यानंतरही तो रद्द होऊ शकतो.

एवढे सगळे सांगितल्यावर कागदपत्रांच्या विभागाचे कौतुक केले नाही तर तो अन्याय होईल. या विभागात एक मध्यमवयीन गृहस्थ आणि त्यांच्या हाताखालची दोन मुले एवढीच माणसे होती, पण काम चोख. आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि अनेकदा आईचेही नाव छापलेले असते. पारपत्रावर आडनाव वेगळ्या ओळीत आणि बाकीचे दुसऱ्या ओळीत. आणि आधार कार्डावर तिसराच क्रम. अर्जाच्या संगणकीय चौकटीत 'पहिले नाव' म्हणून यातले काय भरायचे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण पुढे इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि गुणपत्रिका एकमेकांशी जुळल्या नाहीत तर अर्ज अपूर्ण म्हणून पडून राहतो. या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी माझी सगळी कागदे टेबलावर ओळीने मांडली, पेन्सिलने नावांतील फरक टिपले, आणि परीक्षेची नोंदणी करण्याआधी पारपत्रावरील क्रमच सर्वत्र वापरण्यास बजावले. ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे गुणांच्या प्रमाणित तक्त्यासाठी, विद्यापीठात कोणत्या खिडकीवर कोणता अर्ज द्यायचा, लखोट्यावर शिक्का नेमका कोठे पडायला हवा, आणि दहापैकी मिळालेले सरासरी गुण स्वतःहून चारच्या मापात बदलू नयेत, जसे असतील तसेच भरावेत, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर अर्ज करणाऱ्या एका मुलीला, अमेरिकेतील कोणकोणती विद्यापीठे चार वर्षांच्या पदवीचा आग्रह धरतात हे शुल्क भरण्याआधीच लेखी विचारून घे, असे ते सांगत होते तेही मी ऐकले. समुपदेशनाच्या वातानुकूलित खोलीपेक्षा मागच्या या टेबलावर मला जास्त शहाणपण दिसले.

पैशांच्या बाबतीत सेवा बेताची. कर्जासाठी एकाच खाजगी वित्तसंस्थेचा माणूस समोर बसवला गेला. जे. एन. टाटा एंडाउमेंटची १८९२ पासून चालत आलेली कर्ज-शिष्यवृत्ती किंवा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांचा उल्लेख मी विचारल्यावरही झाला नाही. प्रवेश आल्यावर लगेच अनामत भरण्याचा लकडा लावला गेला तो वेगळाच. आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आधी होकार देण्याची सक्ती करू नये, असा अमेरिकेतील काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव आहे आणि तेथील अनेक विद्यापीठांनी त्यावर सह्या केल्या आहेत. आपले विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे पाहावे. आय-ट्वेंटीवर, म्हणजे अमेरिकी विद्यापीठ विद्यार्थी-व्हिसासाठी जे पत्रक देते त्यावर, अभ्यासक्रमाचा जो वर्गीकरण संकेतांक असतो, त्यावर शिक्षणानंतर १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिन्यांची जोड मिळेल की नाही हे अवलंबून असते. पर्यावरणाच्या जवळपास एकाच नावाच्या दोन पदव्यांचे संकेतांक वेगळे असू शकतात. कर्ज काढून जाणाऱ्याने हे निवडीच्या वेळीच विचारायचे असते आणि समुपदेशकाने ते आपणहून सांगायचे असते.

व्हिसाच्या मुलाखतीचा सराव ठीक होता, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही.

पूर्ण पॅकेजसाठी साठ हजार रुपये मोजावे लागले. फक्त कागदपत्रांची सेवा याच संस्थेत अठरा हजारांत मिळते, हे दरपत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापले आहे आणि समोरून कोणी सांगत नाही. पर्यावरण विषयाच्या विद्यार्थ्याने अठरा हजारांचीच सेवा घ्यावी, विद्यापीठांची निवड त्यांच्या संकेतस्थळांवरील अभ्यासक्रम आणि तेथील माजी विद्यार्थ्यांना लिहिलेली पत्रे यांवरून करावी, आणि उद्देशपत्र विषय कळणाऱ्या माणसाला दाखवावे. डिसेंबर-जानेवारीच्या मुदती गाठायच्या असतील तर कागदपत्रांचे काम सप्टेंबरअखेर सोपवलेले बरे. त्यानंतर विद्यापीठात परीक्षांची धांदल सुरू होते, मग दिवाळीची सुट्टी लागते, आणि ट्रान्स्क्रिप्टच्या खिडकीवर 'पुढच्या आठवड्यात या' याखेरीज काही ऐकू येत नाही; तेथे मागच्या टेबलावरच्या गृहस्थांचेही काही चालत नाही.