सूक्ष्मशैवाल वेगळे काढताना: अगारची प्लेट की केशनलिका?

जैवइंधनासाठी गोड्या पाण्यातील सूक्ष्मशैवालाचा शुद्ध संवर्ध (एकाच जातीची वेगळी वाढ) मिळवू पाहणाऱ्यापुढे अखेर दोनच मार्ग उरतात: अगारच्या (जेलीसारख्या घट्ट माध्यमाच्या) प्लेटवर स्ट्रीक करणे, म्हणजे नमुना रेघा ओढत पसरवणे, किंवा सूक्ष्मदर्शकाखाली केशनलिकेने (केसासारख्या बारीक काचनळीने) एकेक पेशी उचलणे. क्रमिक विरलनाचा, म्हणजे नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करत जाण्याचा, तिसरा मार्ग मी इथे बाजूला ठेवतो, कारण त्यातून बहुधा नमुन्यात संख्येने अधिक असलेलीच जात हाती येते आणि ती तेलकट असेलच असे नाही.

नागपूरच्या अंबाझरी आणि फुटाळा तलावांच्या पाण्यावर मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. कागदावर केशनलिकाच सरस आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. पेशी निर्जंतुक माध्यमाच्या थेंबाथेंबांतून धुऊन नेली की जीवाणू बरेचसे मागे राहतात. शिवाय काय उचलले ते डोळ्यांनी पाहिलेले असते, त्यामुळे हायड्रोकार्बनांनी भरलेले पण अतिशय संथ वाढणारे बॉट्रिओकॉकस हे शैवाल क्लोरेल्ला या भरभर वाढणाऱ्या शैवालाच्या गर्दीत हरवत नाही.

अडचण आहे ती नागपूरच्या उन्हाळ्याची. पारा पंचेचाळीसकडे झुकलेला असताना पंखा सुरू ठेवला, तर स्लाइडवरील थेंब कडेने आटत जातो, त्यातील क्षार तीव्र होतात आणि नलिका जवळ नेईपर्यंत पेशी आक्रसलेली दिसते. पंखा बंद केला, तर घामाने आयपीस धुरकट होते आणि हात स्थिर राहत नाही. कूलरमुळे हवा दमट होते खरी, पण त्याच्या वाऱ्याबरोबर बुरशीचे बीजाणूही टेबलावर येतात. थेंब मोठा घ्यावा, तर पेशी खोलवर उतरून फोकसमधून निसटते. वातानुकूलित खोली ज्यांच्या हाताशी आहे, त्यांचे मत कदाचित वेगळे असेल. माझे मन मात्र या एका त्रासाने प्लेटकडे वळले.

प्लेटलाही खोडी आहेतच. ऑसिलेटोरिया या नील-हरित शैवालाचे तंतू अगारवरून सरपटत शेजारच्या कॉलनीत घुसतात, म्हणून कॉलनी टाचणीच्या टोकाएवढी असतानाच उचलून नव्या प्लेटवर पुन्हा स्ट्रीक करावी लागते. अगारचा थर नेहमीपेक्षा जाड ओतून प्लेटची कड पॅराफिल्मने (ताणल्या जाणाऱ्या मेणचट पट्टीने) बंद केली, तर ती आमच्याकडच्या उन्हाळ्यातही तग धरते. पोषक माध्यम म्हणून मला बोल्डचे माध्यम बरे वाटते. बीजी-११ या दुसऱ्या प्रचलित माध्यमात लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट असते, तर बोल्डमध्ये ०.२५ ग्रॅम, त्यामुळे पुढे द्रव संवर्धात नायट्रोजन लवकर संपतो आणि पेशी तेल साठवू लागल्या की नाही, हे नाइल रेड या तेलात चमकणाऱ्या रंगाने लवकर तपासता येते. मात्र जाड भित्तिकेच्या हिरव्या शैवालात हा रंग सहजी शिरत नाही, त्यासाठी थोडे डीएमएसओ (रंग आत शिरायला मदत करणारे द्रावक) वापरावे लागते, अन्यथा चांगला वाणही निरुपयोगी समजून टाकला जाण्याची शक्यता असते.

कशाभिकांनी (चाबकासारख्या बारीक शेपट्यांनी) पोहणाऱ्या अनेक जाती अगारवर नीट वाढत नाहीत. त्यांच्यासाठी किंवा बॉट्रिओकॉकसच हवे असल्यास, केशनलिकेचे काम डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उरकावे, असे सुचवतो.