जुनी जिप्सी की जुनी थार? लांबच्या डोंगरवाटेसाठी

जुनी फोर-बाय-फोर घेऊन लडाख, झंस्कार किंवा स्पितीला स्वतः चालवत जायचं ठरवलं आणि बजेट बेताचं असलं, की फिरून फिरून दोनच गाड्यांवर गाडी येते. एक एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीच्या) पेट्रोल इंजिनाची मारुती जिप्सी आणि दुसरी २०१० ते २०२० या काळातली महिंद्रा थार सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनाची. मी दोन्ही बाळगल्या आहेत. आधी जिप्सी होती, आता थार आहे. कोणती गाडी भारी हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू दे. इथे फक्त महाराष्ट्रातून निघून मनालीच्या पुढे जायचंय, एवढंच धरून लिहितो.

आधी जिप्सीचं मनापासून कौतुक. कापडी टपाच्या जिप्सीचं वजन हजार किलोच्याही आत आहे, आणि डोंगरात या एका गोष्टीवर फार काही अवलंबून असतं. मनालीकडून स्पितीला जाताना लागणाऱ्या ग्राम्फू ते बाताल रस्त्यावरच्या नाल्यांना दुपारनंतर बर्फाचं पाणी चढतं, तळाशी गोटे सरकत असतात. तिथे जिप्सी अडकली तर तिघं-चौघं मिळून ढकलून काढता येते. थार तशी निघत नाही, दोरी बांधून ओढायला दुसरी गाडीच लागते. अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला तर जिप्सी कडेला जिथे उभी राहते, तिथे थार लावताना मी दोनदा खाली उतरून बघतो. सह्याद्रीतल्या पावसाळी चिखलात तर तिला तोडच नाही.

तिची देखभालही सरळ आहे. चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग). पाट्यांचे बुश, शॅकल (पाटा गाडीला जोडणारे दुवे) आणि ग्रीसिंग वेळच्या वेळी केलं की मागचा भाग फारसा त्रास देत नाही. लक्ष ठेवायचं ते पुढच्या एक्सलवर. किंगपिनचे (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या खिळीचे) बेअरिंग झिजले की साठ-सत्तरच्या वेगात, एखाद्या खड्ड्यानंतर, स्टीअरिंग हातात थडथडायला लागतं. बरेच जण आधी व्हील बॅलन्सिंग करतात, मग स्टीअरिंग डॅम्पर बदलतात, आणि पैसे घालवून झाल्यावर किंगपिन उघडतात. सुरुवातच तिथून करावी. नकलचं (चाक वळवणाऱ्या सांध्याचं) सील गळत असेल तर चाकामागे ग्रीस आणि धुळीचा काळा लेप दिसतो. गाडी बघायला जाल तेव्हा गुडघे टेकून तेवढं नक्की बघा. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सी स्वस्त मिळतात, पण कागदपत्रं नीट झालेली असतील तरच हात घाला. भागांची चिंता नाही. पुण्यात नाना पेठेत चक्कर मारली तर बहुतेक सगळं हाती लागतं.

थारचं प्रकरण थोडं वेगळं. पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा लोखंडी दांडा) आणि स्वतंत्र सस्पेन्शन, मागे पाटे. गाडी उंच दिसावी म्हणून पुढचे बोल्ट आवळून टॉर्शन बार ताणायची पद्धत आहे. फुकटात दीड-दोन इंच मिळतात, पण बॉल जॉइंट कायम तिरक्या कोनात काम करतात आणि एक्सलचे रबरी बूट लवकर फाटतात. बूट फाटला की आत धूळ, आणि स्पितीची धूळ पिठासारखी बारीक. म्हणून जुनी थार बघताना मी आधी विचारतो, पुढून उचलली आहे का. उचलली असेल तर कंपनीच्या उंचीवर आणून मगच लांब न्यायची.

दुसरी तपासणी वायरिंगची. कॉमन रेल इंजिनाला सेन्सर आहेत, आणि आधीच्या मालकाने एखाद्या अॅक्सेसरीच्या दुकानातून एलईडी बार आणि हॉर्न बसवताना मूळ वायरिंग कापून जोड दिलेले असतात. माझ्या गाडीत डॅशबोर्डच्या मागे काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेले असे किती तरी जोड निघाले. ओल आणि हादऱ्यांनी ते सैल होतात, इंजिनाचा दिवा लागतो, ताकद मरते, आणि स्पितीतल्या काझाला बिघाड वाचणारा स्कॅनर शोधत फिरावं लागतं. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: सगळे जोड काढून टाकायचे, जास्तीच्या दिव्यांना स्वतंत्र रिले आणि फ्यूज द्यायचा, इंजिनाच्या वायरिंगला हात लावायचा नाही. जिप्सीवाले मित्र इथे मान डोलावतील. एमपीएफआयमध्येही ईसीयू (इंजिनाचा संगणक) आहेच, पण थारपेक्षा तिच्यात बिघडण्यासारखं कमी आहे, हे मान्य.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला तिच्याकडे येतो. जिप्सीची टाकी ४० लिटरची आहे.

मनाली-लेह रस्त्यावर लाहौलमधल्या तांदीच्या पंपावर पाटी आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. सपाटीला माझी जिप्सी दहा-अकराचं अॅव्हरेज द्यायची. भरलेल्या गाडीने बारालाचा ला, नकी ला, लाचुंग ला, तांगलांग ला असे घाट चढताना ते आठवर यायचं. गणित सोपं आहे, ४० लिटरमध्ये ३२० किलोमीटर. म्हणजे पेट्रोलचे कॅन आलेच. आणि कापडी टपाच्या जिप्सीला डिकी नाही. मागची जागा, सामान आणि माणसं, सगळं एकाच खोलीत.

४,८९० मीटरवरच्या बारालाचाला पोचेपर्यंत बाहेरच्या हवेचा दाब बराच उतरलेला असतो. खाली काठोकाठ बसलेला प्लॅस्टिकचा कॅन तिथे पोट फुगवून बसतो, तळ गोल होतो, नीट उभाही राहत नाही. झाकण थोडं सैल केलं की फुस्स करून वाफ बाहेर येते, आणि ती वाफ गाडीतच राहते. स्लीपिंग बॅगना वास, भाकरीच्या डब्याला वास, टपाच्या कापडालाही वास. थंडी असल्यामुळे खिडक्या उघड्या ठेवता येत नाहीत.

नुसता वास असता तर सहन केला असता. खरा प्रश्न बारालाचाच्या पुढे सरचूच्या मुक्कामी कळतो. उंची सोसत नसल्याची पहिली खूण म्हणजे डोकेदुखी आणि मळमळ. पेट्रोलच्या वाफेनेही नेमकं तेच होतं. बायको म्हणाली, डोकं दुखतंय, आणि मला सांगता येईना की खाली उतरायचं की कॅन बाहेर काढायचा. ४,२०० मीटरच्या वर हा प्रश्न अनुत्तरित ठेवून झोपता येत नाही. आम्ही कॅन तंबूपासून लांब ठेवला, वारा खात बसून राहिलो, आणि दुखणं उतरल्यावर मगच झोपलो. त्या दिवसानंतर जिप्सीने उंचावर जाण्याचा माझा उत्साह हळूहळू ओसरला.

यावर उपाय मी करून पाहिले. रबरी सील असलेला लोखंडी कॅन बरा, वाफ बरीच थांबते, पण वाऱ्यात नरसाळ्याने ओतताना हातावर आणि गाडीवर सांडतंच. मागच्या दाराबाहेर लावला तर स्टेपनीचं वजन आधीच दारावर आहे, बिजागऱ्या कुरकुरतात, आणि मागून कोणी ठोकलं तर काय, हा विचार पाठ सोडत नाही. टपावर ठेवला तर हलक्या गाडीचा तोल वर जातो. जास्तीची टाकी बसवून घेणं मला कायद्याच्या आणि सुरक्षिततेच्या दोन्ही बाजूंनी पटलं नाही. यात दोष गाडीचा नाही. हलक्या, छोट्या गाडीला छोटीच टाकी असणार. पण माझ्या प्रवासाला ती पुरत नाही.

थारची टाकी ६० लिटरची. घाटात अॅव्हरेज दहावर आलं तरी ६०० किलोमीटर. तांदीला फुल्ल केली की लेहपर्यंत डिझेलचा विचारही मनात येत नाही. लेहहून लडाखच्याच हानलेला जाऊन परत येणं पाचशेच्या घरात जातं, तेही कॅनशिवाय जमतं. काझाला पंप आहे, पण दरड कोसळून रस्ता बंद पडला तर टँकर कधी येईल याचा भरवसा नसतो. तेव्हा टाकीत शिल्लक असलेलं डिझेल मोठा दिलासा असतो. शिवाय टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन तिथे दमतं, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओढत राहतं. थारही मंदावते, पण तितकी नाही.

टायरच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवा. जिप्सीला २०५/७० आर१५ काढून २३५/७५ आर१५ घालायची फॅशन आहे. चाकाचा व्यास जवळपास १० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे प्रत्येक गिअर तितकाच उंच होतो आणि स्पीडोमीटर कमी दाखवतो. सह्याद्रीत खपून जातं, तांगलांग लाला नाही. २१५/७५ पर्यंत थांबलेलं बरं. थारला मूळचंच २३५/७० आर१६ आहे. मी त्याच मापात चांगले ऑल-टेरेन घातले आणि पुढे गेलो नाही. बदलांना कायद्यानेही मर्यादा आहे. डिसेंबर २०१७ पासून बुलबारवर (बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांवर) बंदी आहे, आणि मूळ रचना बदलण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट शब्दांत बोट ठेवलं आहे. माझा पैसा पाटे, शॉक अॅब्सॉर्बर, ब्रेक, कूलंटचे पाइप आणि सीटवर गेला. सीट म्हणजे चैन वाटेल, पण दोन हजार किलोमीटर जाऊन मग प्रवास सुरू होतो तेव्हा कंबर शाबूत लागते. राजस्थानातून मे महिन्यात जाणार असाल तर एसीचंही मोल कळेल. जिप्सीत तो नाही.

थारविरुद्ध दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, दिल्ली आणि एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा प्रश्न २०१५ पासून चालू आहे. नियम बदलत राहतात, निघण्याआधी ताजी स्थिती बघा. मी अजमेर, हनुमानगड, भटिंडा, चंदिगड असा जातो, दिल्ली लागतच नाही. दोन, डिझेल गोठतं. उन्हाळ्यात प्रश्न नाही, पण ऑक्टोबरच्या शेवटी जाणार असाल तर खालून भरलेलं डिझेल संपवत जाऊन वर तिथलं भरा. इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. फिल्टरमधलं पाणीही निघण्यापूर्वी काढून टाका.

तुमचं फिरणं मुख्यतः ताम्हिणी, मुळशी, कोकण आणि वर्षातून एखादी लांबची फेरी असं असेल, आणि सोबत सामान कमी असेल, तर जिप्सी घ्यायला मी कुणाला अडवणार नाही. उलट चांगली मिळाली तर मला दाखवायला आणा. पण तांदीच्या पुढे घरच्या माणसांना घेऊन जायचं असेल तर मी थारकडे बघा म्हणेन. वायरिंगला हात न लागलेली, पुढून न उचललेली, शक्यतो २०१५ च्या नंतरची, कारण त्या साली मागच्या एक्सलला लॉकिंग डिफ्रन्शियल आलं, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसरं ओढतं. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना जा, आणि मालकाने आधीच चालू करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.