सातशेचा पेन पीएच मीटर घेतला, पीकेए निघतो का बघितलं

बीएस्सीच्या चार पोरांची घरी शिकवणी घेतो. कॉलेजात मीटर एकच आणि पोरं वीस, नंबर लागेपर्यंत प्रॅक्टिकल संपलेलं असतं, म्हणून ऑनलाईन सातशेला एक पेन पीएच मीटर मागवला. त्यावर पीकेए, म्हणजे अ‍ॅसिड किती तीव्र की सौम्य ते सांगणारा आकडा, निघतो का ते बघायचं होतं. दोन महिने वापरून लिहितोय.

सोबत ४.००, ६.८६ आणि ९.१८ अशा बफर पावडरीच्या (पीएच आधीच ठाऊक असलेली द्रावणं बनवायला) तीन पुड्या येतात, प्रत्येक २५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची. माझी ९.१८ ची पुडी दगड झालेली निघाली. सेलरला फोटो पाठवला तर उत्तर काय, तर "सर, पाणी कोमट घ्या". बरं.

पहिल्याच दिवशी चूक माझीच झाली. फक्त ६.८६ च्या बफरवर पेन कॅलिब्रेट केला, म्हणजे आकडा जुळवून घेतला, आणि लागलो कामाला. २० मिली अंदाजे ०.१ मोलर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घेतलं, पण पेनचं बूड जाड, तेवढ्यात बुडेचना, म्हणून आणखी २० मिली डिस्टिल्ड वॉटर ओतलं (घाबरू नका, त्याने एंड पॉइंटचं, म्हणजे अ‍ॅसिड नेमकं संपतं तिथलं, ब्युरेट रीडिंग बदलत नाही, अ‍ॅसिडचे मोल तेवढेच राहतात). वरनं ब्युरेटमधून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब, हेच टायट्रेशन. एंड पॉइंट २०.४ मिलीला आला, म्हणजे निम्मं १०.२, तिथं उरलेलं अ‍ॅसिड आणि त्यापासून झालेलं अ‍ॅसिटेट सारखंच, म्हणून पीएच म्हणजेच पीकेए. पेन म्हणतोय ४.८५. पुस्तकात ४.७६. पोरं हसायला लागली.

मग पेन ४.०० च्या बफरमध्ये घातला तर तिथं ४.२३ दाखवतोय! म्हणजे इलेक्ट्रोडचा स्लोप पडलेला, २५ डिग्रीला एका पीएचमागे ५९ मिलिव्होल्ट मिळायला हवेत, ते याला मिळत नव्हते. दोन्ही बफरवर कॅलिब्रेट करून परत टायट्रेशन केलं तर ४.७० आलं. आता पोरं म्हणतात सर अजून चुकतंय, पण इथं मी पेनची बाजू घेतो, कारण ४.७६ हा आकडा अगदी पातळ द्रावणासाठीचा, आपल्या बीकरमध्ये सोडियम अ‍ॅसिटेटचे आयन आहेत त्यामुळे रीडिंग साधारण ०.०६ ने खाली येणारच. सातशेच्या वस्तूकडून अजून काय पाहिजे?

निम्म्या पॉइंटजवळ पीएचचा कर्व्ह इतका सपाट असतो की एक मिली इकडेतिकडे झालं तरी पीएच ०.०९ नेच हलतो, तिथं पेन आरामात चालतो. खरी बोंब एंड पॉइंटला. दोन थेंबांत ७.३ वरनं ९.७ वर उडी, आणि पेनला स्थिर व्हायला चाळीस सेकंद लागतात, तोपर्यंत आमच्यातल्या एकाने तिसरा थेंब टाकलेला असतो. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब सोबत ठेवाच, गुलाबी दिसला की हात थांबतो.

माहितीपत्रकात जे लिहिलेलंच नाही ते सांगतो. वापर झाला की टोपणात ३ मोलर पोटॅशियम क्लोराईडचे चार थेंब टाकून बंद करायचा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवला तर इलेक्ट्रोड बिघडतो. टिश्यूनं घासायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि हायड्रॉक्साइड जुनं वापरू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने स्टँडर्डाइज करून घ्या नाहीतर शिव्या पेनला बसतात.

प्रॅक्टिकलच्या जर्नलला आणि घरच्या शिकवणीला घ्या बिनधास्त, रिसर्चला अजिबात नको, दुसऱ्या दशांशाचा आकडा नुसता दाखवायला आहे. बॅटरीचं झाकण ढिलं आहे, सेलोटेप लावलाय. तीन स्टार, अर्धा त्या दगड झालेल्या पुडीसाठी कापला असता पण इथं अर्धा देता येत नाही.