जिम्नीला लिफ्ट आणि मोठे टायर: दीड लाखाच्या ‘पॅकेज’मध्ये काय काय खोटं निघालं

पावसाळा तोंडावर आला की ताम्हिणी, वरंधा घाट, पानशेतच्या वाटेला लागणाऱ्या फोर-बाय-फोर गाड्या पुण्यात लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं) आणि टायरसाठी रांगेत उभ्या राहतात. गिऱ्हाईक घाईत असतं आणि फसवणारा नेमकी ती घाईच हेरतो. खालचा प्रकार शहरातल्या एका दुकानात पाच दारांच्या मारुती जिम्नीच्या मालकाबाबत घडला. दुकानाचं नाव लिहिलेलं नाही. तिथे काय काय केलं गेलं ते मात्र सगळं लिहिलं आहे, कारण गाडी थार असो वा जुनी जिप्सी, तपासायच्या जागा त्याच आहेत.

सौदा असा ठरला होता: दोन इंची लिफ्ट, २३५/७५ आर १५ मापाचे नवे इम्पोर्टेड ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर, सात इंची रुंद अलॉय चाकं, फिटिंग, अलाइनमेंट आणि वर ‘आरटीओचा कागद आमच्याकडून’. सगळं मिळून दीड लाखाच्या आत. निम्मे पैसे रोख आगाऊ घेतले. पावती कच्ची, तिच्यावर फक्त ‘टायर-व्हील सेट आणि लिफ्ट’. ब्रँड नाही, माप नाही, किती टायर तेही नाही. फसवणुकीचा पाया या एका ओळीत होता. काय द्यायचं ते लिहिलेलंच नसलं, तर पुढे काहीही दिलं तरी चालतं.

टायर पाच मिळतील असं तोंडी बोलणं होतं, मिळाले चार. पांढरी अक्षरं बाहेर दिसावीत म्हणून टायर असे बसवले आहेत, असं सांगण्यात आलं. खरं कारण वेगळं होतं. टायरच्या बनावटीची तारीख पुष्कळदा एकाच बाजूच्या साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) असते आणि ती बाजू आत ठेवली होती. गाडी जॅकवर घेऊन आतून टॉर्च मारल्यावर दोन टायरवर ३११८ आणि दोनवर ०८२० असे आकडे निघाले. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे दोन टायर २०१८ च्या एकतिसाव्या आठवड्यातले आणि दोन २०२० च्या आठव्या आठवड्यातले. नक्षी पूर्ण खोल होती, टायर रस्त्यावर चाललेले नव्हते, पण पत्र्याच्या गोदामात वर्षानुवर्षं पडून रबर कडक झालं होतं. असा टायर ओल्या रस्त्यावर पकड सोडतो, आणि हवा कमी करून खडकावर घेतला की साइडवॉलला चिरा जातात.

जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली. तेव्हापासून ‘इम्पोर्टेड’ शब्द ऐकला की तारीख आधी बघावी. भारतात विकायच्या टायरवर, आयात केलेला असला तरी, आयएसआय चिन्ह लागतं. ते नसेल तर माल कुठून आला हे विचारायलाच हवं. टायर चकचकीत दिसत असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावा. सिलिकॉनचा थर गेला की नक्षीच्या तळाशी आणि साइडवॉलवर बारीक भेगा असल्यास उघड्या पडतात. साइडवॉलवर कुठे घासून गुळगुळीत केलेला पट्टा दिसला तर तो टायर घेऊच नये, मग किंमत काहीही असो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे टायर रिमवर चढण्याआधी जमिनीवर आडवे ठेवून पाचही तारखांचे फोटो काढणे.

आता मापाकडे. जिम्नीचा कंपनीचा टायर १९५/८० आर १५, बाहेरचा व्यास सुमारे ६९३ मिमी. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३ मिमीच्या आसपास. फरक ४० मिमी, त्यामुळे गाडीचं पोट फक्त २० मिमीने वर जातं. व्यास जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढल्यामुळे काटा ८० दाखवत असताना चाकं आधीपेक्षा सहा टक्के जास्त वेगाने रस्ता कापतात, आणि दीड लिटरच्या इंजिनाला प्रत्येक गिअर तितकाच उंच पडतो. लोड इंडेक्स मूळच्या ९६ पेक्षा, म्हणजे टायरमागे ७१० किलोपेक्षा, कमी घेऊ नये. जड टायरला थांबवायला ब्रेकही जास्त राबतात. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ते लगेच जाणवतं.

दुकानात सर्रास ऐकवलं जाणारं वाक्य असं: ‘लिफ्ट केली की कुठलाही टायर बसतो.’ हे धादांत खोटं आहे. लिफ्टमुळे गाडी उभी असताना जागा दिसते. पण एक चाक दगडावर चढून स्प्रिंग पूर्ण दाबली गेली की ते चाक जिथपर्यंत आधी जायचं तिथपर्यंतच जातं, कारण त्याला थांबवणारा बंपस्टॉप जागचा हललेला नाही. लिफ्टच्या प्रमाणात बंपस्टॉप वाढवला नाही तर मोठा टायर आतल्या प्लास्टिकला आणि बंपरच्या कोपऱ्याला खाणारच. म्हणून तपासणी सपाट फरशीवर करून उपयोग नाही. पुढचं एक चाक रॅम्पवर चढवावं, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवावं आणि टायर बंपर, मडफ्लॅप व आतल्या रेडियस आर्मपासून (ॲक्सलला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्यापासून) किती लांब राहतो ते बोटांनी मोजावं.

या गाडीत ‘लिफ्ट किट’ म्हणून मूळ स्प्रिंगखाली नुसते ठोकळे सरकवले होते. शॉक ॲब्सॉर्बर जुनेच, ब्रेकच्या नळ्या मूळ लांबीच्याच. चाक खाली लोंबलं की शॉक शेवटच्या टोकाला आपटायचा आणि नळी ताणली जायची. जिम्नीला पुढे-मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) आहे आणि तो आडव्या पॅनहार्ड रॉडने बांधलेला आहे. गाडी वर उचलली की ॲक्सल एका बाजूला सरकतो. दोन्ही बाजूंच्या मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून टायरपर्यंतचं अंतर मोजलं की हे पाच मिनिटांत कळतं. पुढचा कास्टरही (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, मग स्टिअरिंग सरळ रेषेत परतत नाही आणि वेगात गाडी भरकटते. त्यावर उपाय रेडियस आर्मच्या ऑफसेट (मध्य सरकवलेल्या) बुशचा. अलाइनमेंटच्या यंत्रावर अखंड ॲक्सलचा कास्टर फिरवता येत नाही, टो (वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) तेवढा जुळवता येतो. तेव्हा ‘अलाइनमेंट ओके’ असा शिक्का पुरेसा नाही. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद मागावेत आणि त्यात कास्टरचा आकडा बघावा.

सगळ्यात धोकादायक फसवणूक चाकांमागे दडली होती. मूळ चाक साडेपाच इंची, ऑफसेट (चाक हबवर टेकतं ती जागा मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा; तो मोठा तितकं चाक आत) +५. शून्य ऑफसेटचं सात इंची चाक ठरलं होतं. आलं +१५ चं, बहुधा दुसऱ्या कुठल्या गाडीचा पडून राहिलेला माल. ऑफसेटचा आकडा चाकाच्या पाठीवर ओतलेला असतो, पण टायर चढवून चाक बसवल्यावर तो कोण बघतो? हे चाक मूळ चाकापेक्षा २९ मिमी आत शिरतं, म्हणून टायर आर्मला घासू लागला. तेव्हा दुकानाने मालकाला न सांगता १० मिमीचे साधे स्पेसर (चाक बाहेर ढकलणाऱ्या चकत्या) मध्ये घातले. जिम्नीचे स्टड (नट बसतात ते खुंट) १२ मिमी जाडीचे, १.२५ मिमी पिचचे, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर. १० मिमी स्पेसरने नटाचे तब्बल आठ आटे गेले. अशा नटाला निदान स्टडच्या जाडीइतकी, म्हणजे साधारण दहा पूर्ण फेऱ्यांची पकड हवी. इथे नट चार-पाच फेऱ्यांत आवळला जात होता. चाक निखळायला एवढं पुरतं. प्रत्येक नट हाताने सोडवताना फेऱ्या मोजाव्यात. बसवताना इम्पॅक्ट गनवर भरवसा न ठेवता टॉर्क रेंचने १०० न्यूटन-मीटर लावावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. नटाची बैठक शंकूची आणि चाकाचा खड्डा सपाट, किंवा उलट, असेल तर तो नट कितीही आवळला तरी ढिला होतो.

स्टेपनी कंपनीचीच राहिली, १९५ ची. मालकाला हे किरकोळ वाटलं होतं, पण ते तसं नाही. जिम्नीची फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, म्हणजे ती लावली की पुढचा-मागचा ॲक्सल एकाच वेगाने बांधला जातो. पुढच्या-मागच्या ॲक्सलवर सहा टक्के फरकाची चाकं घेऊन कडक रस्त्यावर फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारा पर्याय) लावलं तर ट्रान्सफर केसवर (दोन्ही ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर) थेट ताण येतो. पाचवं चाक सौद्यात धरलेलंच हवं, आणि जड स्टेपनी मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना झेपते का तेही विचारावं. मूळ चार चाकं मात्र दुकानाने ‘बायबॅक’च्या नावाखाली किरकोळ रकमेत ठेवून घेतली. नव्या गाडीवरून उतरलेली चाकं कधीच तिथे सोडू नयेत. काही बिनसलं तर गाडी मूळ रूपात आणायला तीच लागतात.

‘आरटीओचा कागद’ म्हणजे दुकानाच्या लेटरहेडवरचं पत्र निघालं. त्याला काडीची किंमत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत दुकानाच्या पत्रावर बदल करता येत नाही. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. दुकानदार हे सांगणार नाही, कारण दंड त्याला भरायचा नसतो.

तक्रार करायची असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण चाकं दुकानात परत नेऊन उतरवू दिली की ‘हा माल आमचा नव्हेच’ असं ऐकायला मिळतं. त्याआधी दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी जॅकवर असतानाच तारखा, ऑफसेटचा आकडा, स्पेसर आणि स्प्रिंगखालचे ठोकळे यांचे फोटो, नंबर प्लेट एकाच चौकटीत येईल असे काढून घ्यावेत आणि त्या गॅरेजकडून तपासणीचा सहीशिक्क्याचा कागद घ्यावा. आगाऊ रक्कम रोख न देता यूपीआयने दिली असेल तर व्यवहाराचा पुरावा बँकेतही राहतो.